नोंद झाली, धन्यवाद

नागझरवाडी, पो. आचरा
१० फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा हिला गुरुकाकाचे आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "काका, नुसतं 'चालत नाही' म्हणू नका, काय काय केलंत ते क्रमाने लिहून पाठवा." म्हणून लिहितो आहे. बेचाळीस वर्षं पोस्ट सांभाळल्यामुळे 'लिहून पाठवा' म्हटलं की माझा हात आपोआप तिकिटांकडे जातो. शिवाय तू फोनवर सांगतेस ते ऐकताना सगळं कळतं, पण फोन ठेवल्यावर काकीने "काय म्हणाली?" विचारलं की मला काहीच सांगता येत नाही.

तर क्रमाने. शाळेच्या शतकमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा जो प्रोग्राम तू करून दिलास, तो बाहेरगावची माणसं आपापल्या मोबाइलवरून भरतात, आणि गावासाठी तो बाबलीच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे. गुरुवारी सकाळी दहाला आम्ही दोघे बसलो. बाबलीने पंखा लावला, फॉर्म उडाले, पंखा बंद केला. मी महोत्सव समितीचा सेक्रेटरी या नात्याने फॉर्म मोठ्याने वाचत होतो आणि तो टाइप करत होता. नाव, आडनाव, जन्मतारीख, फोन, पत्ता. मग त्याने 'जतन करा' दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, 'नोंद झाली, धन्यवाद'. दर वेळी बाबली त्या अक्षरांना "बरा" असं उत्तर द्यायचा.

तीन दिवसांत गावातले दोनशे साठ फॉर्म घातले. रविवारी यादी काढून शाळेच्या व्हरांड्यात लावली. अर्ध्या तासात सत्यवान घाडी दारात हजर. "गुरु, माझा नाव खंय?"

मी त्याला चौथ्या पानावर बोट ठेवून दाखवलं.

"ह्यो मी नाय. ह्यो वयलो सत्यवान. फोन नंबर बघ."

वयलो म्हणजे चढणीवरच्या घरातला. हा खालचा. दोघे चुलत भाऊ, आणि पोफळीच्या बागेच्या कुंपणावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. खालच्याने महोत्सवाच्या मांडवाचं सामान देऊ केलं आहे. आता म्हणतो, वयल्याचं नाव आहे आणि माझं नाही, तर मांडवाचा एक वासा माझ्या खळ्यातून हलणार नाही.

संध्याकाळपर्यंत असे चौदा जण आले. त्यात ऐंशी वर्षांच्या रुक्मिणीआजी. त्या शांतपणे म्हणाल्या, "माणूस मेल्यार नाव कमी करतत. माझा जितेपणीच केल्यानी."

बाबलीने मशीनवर आकडा काढला. कागदावरून घातलेली माणसं दोनशे पंचेचाळीस. म्हणजे पंधरा गेली. त्यातली चौदा भांडायला आली म्हणून कळली. पंधरावा कोण ते ठाऊक नाही, कारण तो भांडायला आलेला नाही.

कार्यक्रम चार मेला आहे. काय करायचं ते कळव.

तुझा
गुरुकाका

*

पुणे, १५ फेब्रुवारी
(ईमेलने, बाबलीकाकांच्या दुकानाच्या पत्त्यावर)

ती. काका, सा. न.

तुमचं पत्र मिळालं. पंख्यापर्यंत सगळं कळलं.

प्रोग्राम मी दोनदा तपासला. तो बरोबर आहे. माझं ऑफिसातलं कामच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं आहे, त्यामुळे स्वतःच्या प्रोग्राममध्ये मी अशी चूक ठेवणार नाही. सत्यवान घाडी हे नाव इथे मला दिसतंय. तुम्ही नीट पाहिलंत का?

तुम्ही वाचता, म्हणजे चूक तुमची नाही. टाइप कोण करतं ते बघा. काही लोकांना बटण दाबल्यासारखं वाटतं पण ते दाबलेलं नसतं. काही लोक एकच फॉर्म दोनदा घालतात आणि दुसरा घालायचा विसरतात. असले लोक मी ऑफिसात रोज पाहते. त्यांना विचारलं तर शपथेवर सांगतात की आम्ही बरोबर केलं. तुम्ही शेजारी बसून त्यांच्या बोटाकडे लक्ष ठेवा. त्यांना न कळता ठेवलं तर उत्तम.

काकींना नमस्कार.

अपेक्षा

*

नागझरवाडी
२० फेब्रुवारी

चि. अपेक्षा,

तुझं उत्तर मिळालं. ते बाबलीने छापून, पाकिटात घालून, स्वतः घरी आणून दिलं. छापताना कागद बरोबर आला की नाही हे बघावं लागतं, म्हणून त्याने ते वाचलं. बरोबर आलं नसेल अशा शंकेने पुन्हा वाचलं.

तो ओसरीवर बसला. काकीने सोलकढी दिली ती घेतली नाही. मग म्हणाला, "असले लोक म्हणजे कसले लोक, ता माका आधी समजूचा आसा." मी म्हटलं, पोरगी लहान आहे. तो म्हणाला, "माझ्या दुकानात तीस वर्सा झेरॉक्स निघता. एक कागद कधी कमी येवक नाय." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी. 'शतकमहोत्सवाची कामे बंद. बोट दुखते.'

दोष तुझाही नाही. पण यापुढे उत्तर टपालाने पाठव. टपाल उशिरा येतं, पण वाटेत ते कोणी वाचत नाही. निदान मी होतो तोवर वाचत नव्हतो.

गावात आता निरनिराळे तर्क आहेत. खालच्या सत्यवानाचं म्हणणं, वयल्याचा मुलगा अजय मुंबईला कॉम्प्युटरात आहे, त्याने तिथून नाव काढलं. अजय एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खोक्यांची ने-आण करतो, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

गुरुकाका

*

पुणे
२६ फेब्रुवारी (स्पीड पोस्टने)

ती. काका,

मी काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं आणि कान गरम झाले. बाबलीकाकांना माझा नमस्कार सांगा. सध्या एवढंच सांगा. काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय माफी मागितली तर ती त्यांना पोकळ वाटेल.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, त्या चौदा जणांचे मूळ फॉर्म. आणि त्यांच्यासारखंच नाव ज्यांचं यादीत आहे, त्यांचेही. फोटो नकोत, फोटोत तुमचा अंगठा येतो. दोन, तुम्ही या चौदा माणसांना जन्मभर ओळखता. त्यांच्यात सारखं काय आहे ते मला सांगा. कितीही फालतू वाटलं तरी लिहा.

अपेक्षा

*

नागझरवाडी
४ मार्च

चि. अपेक्षा,

फॉर्म सोबत पाठवले आहेत, रजिस्टर करून. जपून वापर. रुक्मिणीआजींचा अंगठा आहे, तो पुन्हा मिळवायला त्या तयार होतील असं वाटत नाही.

चौदा जणांत सारखं काय, याचा मी चार दिवस विचार केला. सगळे पन्नाशीच्या पुढचे. कोवळ्या वयाचं कोणी गेलं नाही. त्यामुळे गावात बोलणं आहे की पुण्याच्या मशीनला म्हातारी माणसं नको आहेत. चौदापैकी नऊ जण खालच्या अंगाला राहतात, म्हणून त्यांनी वेगळी बैठक घेतली. पण पाच वरच्या अंगाचे आहेत, त्यांना बैठकीला बोलावलंच नाही, त्यामुळे तेही रागावले. अकरा जणांना मधुमेह आहे. सगळ्यांचं आडनाव घाडी. पण आमच्या वाडीत एकशेदहा घरांपैकी ऐंशी घाडी, तेव्हा त्यात काय नवल.

सोमवारी मंडळी देवळात गेली. गुरवाने कौल लावला. 'नावं गेली त्यात बाबलीचा दोष आहे का?' असं विचारलं. पाकळी डावी पडली. म्हणजे नाही. बाबली तिथेच उभा होता. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि दुकान उघडायला गेला. बोट बरं झालं आहे.

तेव्हा देवाने बाबलीला सोडलं. आता उरलीस तू.

गुरुकाका

*

पुणे
१२ मार्च

ती. काका,

देवळातला कौल बरोबर आहे.

काल तुमचे फॉर्म खोलीत जमिनीवर मांडले होते. एका बाजूला गेलेले, समोर त्यांच्या नावाचे राहिलेले. माझी खोलीतली मैत्रीण रसिका चहाचा कप घेऊन त्यांच्यामधून वाट काढत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "तुमच्या गावात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी? केक किती मोठा करतात?"

मी बघितलं. एक जून. एक जून. एक जून. वयला सत्यवान एक जून १९६२. खालचा सत्यवान एक जून १९६२. रुक्मिणीआजी एक जून, दुसऱ्या रुक्मिणी त्याही एक जून, त्याच सालच्या. मी महिनाभर सत्यवान, रुक्मिणी करत बसले होते आणि तारखेकडे पाहिलंच नव्हतं.

आता जे सांगते ते वाचून रागावा. प्रोग्राम करताना मला वाटलं, कोणी चुकून दोनदा बटण दाबलं तर एकच माणूस दोनदा यायला नको. म्हणून मी लिहून ठेवलं की नाव, आडनाव आणि जन्मतारीख तीच असेल तर तो तोच माणूस, दुसरी नोंद घेऊ नकोस. पुण्यात बसून वाटलं, एका नावाची, एका आडनावाची, एका दिवशी जन्मलेली दोन माणसं कुठून असणार? आणि वडिलांचं नाव फॉर्ममध्ये ठेवलंच नाही. जागा वाचेल म्हणून.

पण खरी चूक ती नव्हेच. नोंद नाकारली तर तसं सांगायला हवं होतं. ते सांगायचं काम मी 'नंतर करू' म्हणून ठेवलं आणि विसरले. त्यामुळे नोंद झाली तरी हिरवी अक्षरं, नाही झाली तरी हिरवी अक्षरं. बाबलीकाकांनी दोनशे साठ वेळा बटण बरोबर दाबलं. माझ्या प्रोग्रामने त्यांना पंधरा वेळा खोटं सांगितलं, वर धन्यवाद म्हटलं.

सोबत त्यांच्यासाठी वेगळं पत्र आहे. पाकीट बंद केलंय, पण तुम्ही वाचलंत तरी चालेल.

एवढं मात्र सांगा, तुम्ही सगळे एक जूनला जन्मलात तरी कसे?

अपेक्षा

*

नागझरवाडी
१८ मार्च

चि. अपेक्षा,

रागावलो नाही. काकी थोडी रागावली, पण ती रसिका एवढी हुशार आहे तर तिचं लग्न ठरलंय का, असं लगेच विचारून मोकळी झाली.

बाबलीने तुझं पत्र उभ्याने वाचलं. मग आत जाऊन लॅमिनेट केलं आणि दुकानात दरपत्रकाच्या शेजारी लावलं. त्यातली 'चूक सर्वस्वी माझी आहे' ही ओळ त्याने पिवळ्या पेनाने रंगवली आहे. झेरॉक्सला येणारा प्रत्येक जण आधी ते वाचतो. तू मे महिन्यात येशील तेव्हा तयारी ठेव.

आता एक जूनचं. आमच्या वेळी शंकर गुरुजी होते. जून उजाडला की आया पोरांना हाताला धरून आणायच्या. गुरुजी विचारायचे, "कधी जन्मलो?" आई सांगायची, "जत्रेच्या फुडे चार दिवस." किंवा "म्हस व्याली त्या वर्सा." किंवा, "तुमीच सांगा, दिसता केवढो?" गुरुजी पोराकडे बघायचे. वर्गात घ्यायला वयाची सहा वर्षं पुरी लागायची आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. ते मागे सहा वर्षं मोजून एक जून लिहायचे. कोणाचं नुकसान नाही, कोणाचं शाळेत जाणं अडलं नाही. माझीही तारीख एक जूनच. आईच्या सांगण्याप्रमाणे मी थंडीतला.

आणि नावं तरी किती होती? आजोबाचं नाव नातवाला. एका आजोबाला चार मुलगे, तर चार घरांत तोच सत्यवान. म्हणून तर आम्ही वयलो-खालचो म्हणतो. तू तेवढंच सोडलंस. आमच्याकडे वडिलांचं नाव गाळलं तर माणूसच शिल्लक राहत नाही.

नवीन प्रोग्राम लवकर पाठव. खालचा सत्यवान रोज संध्याकाळी वासे मोजतो आहे.

गुरुकाका

*

पुणे
२७ मार्च

ती. काका,

नवीन प्रोग्राम बाबलीकाकांच्या कॉम्प्युटरवर काल बसवला. आता वडिलांचं नाव आहे, घराची खूण लिहायलाही जागा आहे. शंका आली तर लाल अक्षरांत कारण येईल आणि आधी कोणाची नोंद आहे तेही दिसेल. बाबलीकाका फोनवर फक्त "बरा" म्हणाले. एवढं बोलले यातच मला आनंद आहे.

चौदा नावं लगेच घाला. पण तो पंधरावा शोधा, काका. भांडायला आला नाही म्हणून त्याला वगळायचं, हे बरं नाही.

अपेक्षा

*

नागझरवाडी
८ एप्रिल

चि. अपेक्षा,

चौदाही नावं आली. खालच्या सत्यवानाने आपलं नाव वडिलांसकट यादीत वाचलं आणि मांडवाचं सामान त्याच दिवशी शाळेत आणून टाकलं. वयल्याने वासे उतरवायला हात लावला. बोलले नाहीत, पण एकाच वाशाची दोन टोकं धरली होती, तेव्हा "वर घे", "सोड" एवढं बोलावंच लागलं.

पंधरावा सापडला. तो सांगायला उशीर झाला, कारण तो मीच आहे.

मी आणि बाबलीने गठ्ठा तीनदा मोजला. शेवटी बाबली म्हणाला, नावं नको, एकेक फॉर्म घेऊन त्याच्या फोन नंबरावर टिक करूया. गठ्ठ्यातला पहिलाच फॉर्म माझा. मशीनवर गुरुदास घाडी होतं, पण नंबर भलताच आणि पत्ता नालासोपाऱ्याचा. बाबलीने माझ्याकडे वळून विचारलं, "तू नालासोपाऱ्याक कधी गेलंस?" यादीत गुरुदास घाडी दिसलं की मी इतके दिवस पुढे जात होतो. सगळ्या गावाची नावं शोधली, आपलं आहे असं धरूनच चाललो.

तो माझ्या वर्गातला दुसरा गुरुदास. आम्ही फॉर्म घालायला बसलो त्याच्या आठ दिवस आधी त्याने मुंबईहून मोबाइलवर ऑनलाइन नोंदणी केली होती. त्याचा नंबर आता माझ्याकडे आहे. फोन मात्र केलेला नाही. बाबली रोज विचारतो आणि मी रोज काहीतरी सांगतो. खरं कारण तुझ्या काकीलाही ठाऊक नाही.

१९७० साली आम्ही दोघे सातवीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मालवणला बसलो. जो तो आपापल्या एसटीने गेला होता आणि केंद्रात मुलं दोन खोल्यांत वाटली होती. बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या गुरुजींकडे होत्या, त्या छत्रीसकट खाडीत गेल्या. निकाल आला त्यात नुसतं 'गुरुदास घाडी, नागझरवाडी, उत्तीर्ण' असं होतं. तोवर दुसरा गुरु मामाबरोबर मुंबईला गेला होता. गुरुजींनी समोर बसलेल्या माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आमचो गुरु." त्या शिष्यवृत्तीवर मी मॅट्रिक झालो, पोस्टात लागलो. तो गोदीत हमालीला लागला असं ऐकलं.

तो माझ्यापेक्षा हुशार होता, अपेक्षा. गणितं तो सोडवायचा आणि मी उतरवून घ्यायचो. माझा पेपर बरा गेला नव्हता. तो निकाल त्याचा होता, असं पंचावन्न वर्षं माझ्या मनात आहे. आता त्याला फोन करून काय सांगू? नोंद तुझी होती आणि खाल्ली मी?

गुरुकाका

*

पुणे
१४ एप्रिल

ती. काका,

पत्र दोनदा वाचलं. मी फोन करा म्हणून सांगणार नाही. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये शेवटी 'शाळेसाठी दोन शब्द' अशी जागा आहे, ती छापील यादीत येत नाही. नालासोपाऱ्याच्या गुरुदास घाडींनी तिथे जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठवते:

"शंकर गुरुजी हयात असल्यास माझा नमस्कार सांगू नये. मी आलो आहे हेही सांगू नये."

याचा अर्थ मला लागला नाही. तुम्हाला लागतो का?

अपेक्षा

*

नागझरवाडी
२२ एप्रिल

चि. अपेक्षा,

मलाही लागला नाही. शंकर गुरुजी जाऊन सदतीस वर्षं झाली. म्हणून शेवटी फोन केला. काकीला समोर बसवून केला, म्हणजे मध्येच ठेवता येऊ नये.

त्याने आवाज ओळखला नाही. मी कोण ते सांगितलं. मग शिष्यवृत्तीचं सगळं सांगितलं, न थांबता, शाळेत पाठांतर म्हणावं तसं. माझं संपलं.

मग तो म्हणाला, "गुरु, मी परीक्षेक बसलंयच नाय."

परीक्षेच्या सकाळी तो एसटीत चढला, पण मालवणच्या नव्हे. गणिताची धास्ती घेतली होती म्हणाला. वर्गातली गणितं तो थोरल्या बहिणीकडून आदल्या दिवशी सोडवून आणायचा, हे मला आता कळलं. तळेऱ्याला उतरला आणि दिवसभर नाक्यावर बसून ट्रक मोजले. संध्याकाळी घरी येऊन पेपर छान गेला म्हणून सांगितलं. पुढच्याच महिन्यात मामा आला, त्याच्यामागे हट्ट करून मुंबईला पळाला. "गावाक इलंय तर गुरुजी पेपर इचारतीत," या भीतीने पहिली काही वर्षं आला नाही. पुढे न येण्याची सवय झाली. गोदीत हमाली केली, मग क्रेन चालवली, पोरं शिकली, बरं चाललं आहे.

गुरुजी गेले हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आता मी कोणाक सांगू?" मी म्हटलं, मला सांगितलंस ना. तेवढं पुरे.

म्हणजे निकाल माझाच होता. मी चहा घेतला आणि अंगणात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. काकी म्हणाली, डोळे पूस. मी म्हटलं, धूर गेला. चूल सकाळीच विझली होती.

रात्री त्याने स्वतःहून फोन केला. म्हणाला, "खरा सांग. पंचावन्न वर्सा तुका वाटत होता, मी तुझ्यापेक्षा हुशार आसंय?"

मी म्हटलं, हो.

"माझ्या घरात ह्या एक दिवस कोणी मानूक नाय. तू एक काम कर. ह्या सगळा पत्रात लिही, शाळेचो शिक्को मार आणि माझ्या बायलेच्या नावान धाड. मी गावाक येवच्या आधी तिच्या हातात पडाक व्हया."

आज सकाळी लिहिलं. शिक्का मारायला शाळेत गेलो, तर आताच्या मुख्याध्यापिका दीपिकाबाई विचारू लागल्या, हा दाखला कशाचा? मी कागद पुढे केला. 'खाली सही करणारा गुरुदास घाडी याचे गुरुदास घाडी यांच्या हुशारीबद्दल गेली पंचावन्न वर्षे प्रामाणिक मत होते,' एवढंच लिहिलं आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही. बाईंनी दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

स्पीड पोस्टने पाठवलं. पोचपावतीसकट.

तुझा
गुरुकाका